तळ्याकाठचा मुक्काम हलतो तेव्हा

अर्जुनरावांनी आतून कडी लावली, तेव्हा आदिनाथ सरांना त्या दिवसातला पहिला धक्का बसला. पुढे आणखी कसले कसले बसणार आहेत याची कल्पना असती, तर पहिल्यालाच त्यांनी एवढं तोंड वासलं नसतं.

"मामा," सरांनी दारावर टकटक केली, "दार उघडा. निघायचंय आपल्याला."

"उद्या," आतून आवाज आला.

"काल पण तुम्ही उद्याच म्हणाला होतात."

"मग? कालचा उद्या येगळा, आजचा उद्या येगळा."

सर कॉलेजात भूगोल शिकवायचे. न्यूझीलंडात आत्ता किती वाजले असतील हे सर झोपेतसुद्धा सांगू शकले असते. पण सासऱ्याचा उद्या कुठल्या रेखावृत्तावर उगवतो, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिलेलं नव्हतं.

दार ज्या खोलीचं होतं, ती खोली चाकांवर होती. परदेशात लोक असल्या खोल्या मोटारीला जोडतात आणि तळ्याकाठी नेऊन राहतात, हे सरांनी मोबाइलवर पाहिलं होतं. अंबाजोगाईच्या कनिष्ठ महाविद्यालयात उभी नोकरी दुसऱ्यांची सरोवरं शिकवण्यात घालवलेल्या माणसाला एकदा तरी स्वतःचं तळं हवंसं वाटलं, तर त्यात गैर काय? उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या हरिओमला त्यांनी चित्र काढून दिलं. हरिओमने ते आधी उलटं धरलं, मग सुलटं धरलं आणि म्हणाला, "कळलं. ट्रॉलीच करतो, सर. वरून झाकण टाकतो." थंडी-ऊन लागू नये म्हणून त्याने भिंतींना, छताला आणि तळालासुद्धा मोडीत निघालेल्या शीतगृहाचे जाडजूड थर्माकोल भरलेले तक्ते ठोकले. आत दोन बाकं, हात धुवायला एक मोरी, आणि हवा खेळावी म्हणून छताला वर उघडणारी झडप. रंग पांढरा.

पांढऱ्या रंगाने घोटाळा केला. खोली गल्लीत उभी राहिली त्या सकाळी दोन बायका रक्तदाब तपासून घ्यायला तिच्यापुढे रांगेत उभ्या राहिल्या. शेजारच्या वत्सलाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "आदिनाथराव, निवडणुकीला उभे राहताय की काय?" आणि नोंदणीच्या कार्यालयात तर हे वाहन कुठल्या रकान्यात बसवावं यावर साहेब घामाघूम झाले.

"माल वाहतो का यात?"

"नाही."

"प्रवासी?"

"असतात. पण गाडी उभी असताना."

"उभ्या गाडीत प्रवासी नसतात, सर. ते भाडेकरू." शेवटी साहेबांनी 'शेतीची अवजारे व इतर' असं लिहून विषय मिटवला. आपल्या स्वप्नाची गणना 'इतर'मध्ये झाली, हा अपमान सरांनी गिळला. मध्यमवर्गीय माणसाचं पोट त्यासाठी तयारच असतं.

अर्जुनराव या सहलीत मुळात नव्हतेच. ते सरांचे सासरे. गेवराईकडच्या उमापूरचे बागायतदार, एके काळी पंचायत समितीत ज्यांच्या खाकरण्यावर ठराव पास व्हायचे असे. अंबाजोगाईला डोळे दाखवायला म्हणून लेकीकडे आले, दारात खोली पाहिली आणि तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "मास्तर, हे डबडं कावून केलं?" कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला ते लग्नापासून मास्तरच म्हणत. सायली, म्हणजे सरांची बायको, पटकन बोलून गेली, "आबा, तुम्हीपण चला ना!" सरांनी तिच्याकडे पाहिलं, पण उशीर झाला होता. "जावाई काय येडेपणा करतेत ते बघून येतो," असं म्हणून आबा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. सकाळी नेकनूरहून एसटी धरून परस्पर गावी जायचं, असं ठरलं होतं.

ती सकाळ काही उगवली नाही.

तळं नेकनूरच्या आतल्या अंगाला, टेकड्यांच्या कुशीत. दिवाळी होऊन गेलेली, पाणी काठोकाठ, आणि मोबाइलला रेंज नावालासुद्धा नाही. सरांनी या सहलीसाठी खास एक घडीची खुर्ची घेतली होती. तळ्याकडे तोंड करून तीत बसायचं, हातात चहा, आणि कोणीही काहीही बोलायचं नाही, एवढीच त्यांची सहलीची कल्पना. पण पहिल्या संध्याकाळीच खुर्चीत अर्जुनराव बसले आणि सर बादली पालथी घालून तिच्यावर.

काठावर बिभीषणचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उतरलेला होता. बिभीषण मेंढपाळ, बायको रतनबाई, शे-दीडशे मेंढरं आणि दोन कुत्री असा त्याचा संसार. पलीकडे आप्पांची मासेमारी संस्था. आप्पा तिचे अध्यक्ष. तळ्याचा ठेका त्यांच्याकडे. मेंढरं पाण्यावर येतात आणि काठाला वाळत घातलेली जाळी तुडवतात, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. खोली बघायला म्हणून दोघंही आले, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले, आणि अर्जुनरावांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात वर केला, "एकेकानं बोला."

झालं. कज्जा तासाभरात मिटला. दुसऱ्या दिवशी वस्तीवरून बांधाचं भांडण आलं, तिसऱ्या दिवशी रुसून माहेरी आलेली कुणाची तरी लेक आली. रतनबाई भाकरी-पिठलं पाठवायची, आप्पा मासळी धाडायचे, आणि चहा? चहा सर करायचे. निवाड्याला आलेल्या माणसांना चहा देता देता सरांचं तळ्याकडे तोंड करायचं राहूनच गेलं. एकदा एका म्हाताऱ्याने कप परत देताना त्यांना आपुलकीने विचारलं, "सायबांकडं किती दिस झाले कामाला?"

आणि आता सोमवारची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती, प्राचार्यांनी रजा देताना "तळ्यात मळ्यात करत बसू नका" असा विनोद करून स्वतःच हसून घेतलं होतं, आणि सासरे आतून कडी लावून बसले होते.

"सायली, तू सांग त्यांना."

"मी सांगितलं. म्हणाले, तू जा मास्तरसंगं, मी हितं खोलीची राखण करतो."

सरांनी विचार केला. शांत माणसाने विचार केला की भीती बाळगावी. ते सायलीला बाजूला घेऊन म्हणाले, "राहू देत त्यांना आतच. आपण जीपला खोली जोडू आणि निघू. नेकनूर येईपर्यंत त्यांना कळणारसुद्धा नाही."

"तुम्ही माझ्या वडलांना पळवून नेणार?"

"पळवून नाही. घेऊन. ते आत आहेत आणि आत म्हणजे आपल्याचकडे आहेत."

जीप मागे घेतली. पण तिचा आकडा आणि खोलीची दांडी यांची गाठ पडेना. जीप कधी डावीकडे जायची, कधी उजवीकडे, आणि सरळ आली की वीतभर अलीकडेच थांबायची, कारण मध्ये एक दगड होता. हे चाललेलं पाहून बिभीषण आला. त्याला पाहून आप्पा आले. दोघांचं आता बोलणं सुरू झालेलं असल्याने सल्लाही जोडीने मिळाला.

"जीप ऱ्हाऊ द्या जागंवर," आप्पा म्हणाले. "खोलीच ढकलू म्होरं."

"पन चाकाखाली दगड हायत की," सर हळू आवाजात म्हणाले. तिथं राहून त्यांचीही भाषा थोडी उतरली होती.

"काडा मग," बिभीषण म्हणाला. "जमीन सपाट हाय. आमची पोरं हितं गोट्या खेळत्यात."

जमीन सपाट वाटणं आणि सपाट असणं यांत फरक असतो. हा फरक सर दरवर्षी अकरावीला समोच्च रेषा शिकवताना फळ्यावर काढून दाखवत. त्या वेळी मात्र त्यांनी वाकून स्वतःच्या हातांनी दगड काढले. तिघं खोलीच्या मागच्या बाजूला, तळ्याकडे पाठ करून उभे राहिले. सायली पुढे, हातात दांडीची खीळ घेऊन.

"हळू," सर कुजबुजले. "मामांना कळता कामा नये."

तिघांनी खांदा लावला. खोली कुरकुरली, एक वीत पुढे गेली, आकड्यावर दांडी बरोबर येऊन बसली, आणि सायली आनंदाने ओरडली, "थांबा!"

तिघंही थांबले. आज्ञाधारकपणे, खांदे काढून, हात झटकून थांबले.

खोली नाही थांबली.

तिने आधी जरा विचार केल्यासारखं केलं. मग खीळ घालायच्या आतच दांडी आकड्यावरून अलगद निसटली आणि खोली मागे यायला लागली. आप्पा डावीकडे उडाले, बिभीषण उजवीकडे. सर मधेच उभे होते. त्यांना सायलीने धावत येऊन ओढलं की ते आपोआप पडले, यावर त्या घरात अजून एकमत नाही. खोली त्यांच्या अंगावरून नाही पण नाकासमोरून गेली. गवतातून गेली, चिखलातून गेली, लग्नात नवरी उंबरठा ओलांडते तशी अदबीने पाण्यात उतरली, आणि तळ्यात चालायला लागली.

धक्क्याचे प्रकार असतात. काही धक्के बसतात, काही उभे करतात. हा आडवा करून बसवणारा होता. सर चिखलात तसेच बसून राहिले.

"तू थांबा म्हणालीस," ते म्हणाले.

"ढकलायचं थांबा म्हणाले! धरायचं थांबा नव्हते म्हणाले!"

"जाळं!" आप्पा किंचाळले. "माझं जाळं हाय तिकडं!"

खोली तरंगत होती. हरिओमचे थर्माकोलचे तक्ते. एखादं पांढरं बदक अंडी घालायला जागा शोधत असावं, तशी ती डुलत, वळसे घेत, वाऱ्याबरोबर आतआत चालली होती. आणि तिच्या आतून अर्जुनरावांचा आवाज आला. गडगडाटी, रागावलेला आवाज.

"मास्तर! गाडी थांबवा!"

काठावर कोणी हललं नाही.

"मला इचारल्याबिगर गाडी काडली? मी काय उसाची मोळी हाय का?" मग आतला आवाज जरा थांबला. पुन्हा आला तेव्हा त्यात राग कमी आणि नवल जास्त होतं. "आन् हा रस्ता कवा केला रे? एक बी खड्डा न्हाई! मी पंचायत समितीत असताना किती अर्ज केलते ह्या रस्त्यासाठी!"

सायलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत होती की हसत होती हे सरांना कळेना, आणि विचारायचं धैर्य नव्हतं.

मग खोलीची खिडकी उघडली. अर्जुनरावांचा फेटा बाहेर आला, फेट्याखाली चेहरा आला. त्यांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. खाली पाहिलं. सरकारी पाहणी करायला आलेल्या माणसासारखं सगळं नीट पाहून झाल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "पानी हाय."

खिडकी बंद झाली.

त्यानंतर काठावर जो गलका उडाला त्यात सगळ्यांत जास्त आवाज आप्पांचा होता. खोली थेट त्यांच्या जाळ्यात शिरली होती आणि आता जाळ्यासकट गोल फिरत होती. सर उठून त्यांच्याकडे धावले, "आप्पा, आधी माणूस काढा, जाळ्याचं मग बघू!"

"सर, तळ्यात जे काय हाय ते संस्थेचं हाय. आमचा ठेका हाय."

"अहो, माझे सासरे आहेत ते! तेही संस्थेचे का?"

आप्पा गंभीरपणे विचारात पडले. "मान्साचं बघावं लागंल. तसा ठराव न्हाई."

इकडे सायली रेंज शोधत मेंढरांच्या वाड्यामागच्या टेकाडावर चढली होती. मदतीच्या नंबरला फोन लागला एवढाच काय तो आनंद. तिचं बोलणं सगळ्यांना खाली ऐकू येत होतं.

"हॅलो! आमची गाडी पाण्यात गेलीय... हो, आत माणूस आहे... नाही, बुडाली नाही. तरंगतेय... अहो, तरंगते म्हणजे अपघात नाही असं कसं म्हणता?... बोट नाही हो ती! गाडी... नाही, इंजिन नाहीये तिला... चालक? चालक काठावर बसलाय."

'चालक' या शब्दासरशी सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा पुसायला घेतला. चिखलाच्या हातांनी चष्मा पुसला की जग तपकिरी दिसतं, आणि त्या वेळी ते तसं दिसलेलंच बरं होतं.

खोलीच्या छताची झडप उघडली आणि तीतून आधी फेटा, मग खांदे, मग धोतर सावरत अख्खे अर्जुनराव वर आले. "मोरीतून पानी यायलंय!" त्यांनी ओरडून सांगितलं. खोलीतली मोरी हा सरांचा खास अभिमानाचा विषय होता. तिचा पाइप त्यांनी स्वतः बसवला होता, थेट तळातून बाहेर काढलेला. पाणी त्या वाटेने जातं तसं येऊही शकतं, हा मुद्दा चित्र काढताना सुचलेला नव्हता. खोली आता एका कोपऱ्यावर झुकायला लागली होती.

आतापर्यंत हा एक भयंकर फजितीचा प्रकार होता. आता छतावर एक म्हातारा माणूस उभा होता, ज्याला पोहता येत नव्हतं. त्यांनी बूट काढले. "आप्पा, चप्पू आणा."

चप्पू म्हणजे थर्माकोलच्या ठोकळ्यांना पोत्यात शिवून केलेला तराफा. त्यावर एक माणूस बसला तर तो कोळी दिसतो. दोन बसले तर दोघंही गुन्हेगार दिसतात. आप्पा वल्हवत होते, सर कमरेला दोर बांधून मागे चिकटून बसले होते, दोराचं दुसरं टोक काठावर बिभीषणकडे. खोलीपाशी पोचल्यावर सर कसेबसे छतावर चढले आणि वळून पाहतात तो आप्पा चप्पू घेऊन निघाले होते.

"आप्पा! अहो, यांना न्या ना आधी!"

"जाळं सोडवून आलोच!"

अशा रीतीने सासरा आणि जावई तळ्याच्या मध्यावर, एका कललेल्या छतावर, एकमेकांना धरून बसले. लग्नापासून पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये तिसरं कोणी नव्हतं.

सरांनी दोर झडपेच्या कडीला बांधला. अर्जुनराव बघत राहिले. सरांना वाटलं, आता शिव्या येणार. त्यांनी मान खाली घालून तयारीही ठेवली.

"येक दिस मागितलता," अर्जुनराव म्हणाले. आवाज खाली आला होता. "लई झालं का ते?"

"मामा, मला नोकरी आहे. आणि तिकडे घरी अभिमन्यू वाट बघत असेल तुमची."

अभिमन्यू हा अर्जुनरावांचा मुलगा. वडलांचं राजकारण, शेती, ओळखीपाळखी सगळं आता तोच बघायचा.

"पोरगं चांगलं हाय," अर्जुनराव म्हणाले. "समदं सांभाळतंय. लोक आता त्याच्या हापिसात जातेत. मी वसरीवर खुर्ची टाकून बसतो. लोक समोरून जातेत, रामराम घालतेत आन् म्होरं जातेत. पोरगं म्हनतंय, आबा, आराम करा." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी शिकलेले हाव. आराम कसा करतेत ओ?"

सरांना बसलेला हा धक्का खोली पाण्यात जाण्यापेक्षा मोठा होता. या माणसाने त्यांना आजवर अनेकदा सांगितलं होतं, सुनावलं होतं, बजावलं होतं. विचारलं कधीच नव्हतं. आणि विचारलं तेही असलं काही, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी त्यासाठी चाकांची खोली कशाला बांधली असती?

"मलाही येत नाही, मामा," ते म्हणाले. "मी चार दिवस बादलीवर बसून शिकायचा प्रयत्न करत होतो."

अर्जुनराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सरांना वाटलं, थंडी वाजतेय. पण ते हसत होते, आवाज न करता, पोटातून. आणि त्या हसण्याने छत आणखी हलायला लागलं, तसे सरही हसायला लागले आणि दोघांनी घाबरून एकमेकांना आणखी घट्ट धरलं.

काठावर तोवर वस्तीवरची माणसं जमली होती. रतनबाईने दोराचा ताबा घेतला. तिने मेंढरं वळवायच्या आवाजात "हुर्रऽ" अशी हाळी दिली आणि वीस-पंचवीस माणसं एका लयीत ओढायला लागली. खोली कुरकुरली, मग नांगी टाकून काठाकडे यायला लागली. मागून जाळं, जाळ्यामागून आप्पा. गुडघाभर पाण्यात आल्यावर चाकं गाळात रुतली ती रुतली. कुणी तरी ट्रॅक्टर आणला, दांडीला साखळी लावली, ट्रॅक्टरने हिसका दिला आणि दांडी तेवढी सुटून ट्रॅक्टरसोबत निघून गेली. ट्रॅक्टरवाल्याला ते पार बांधावर गेल्यावर कळलं.

बिभीषण म्हणाला, चूक आप्पांची, त्यांनीच ढकलायला सांगितलं. आप्पा म्हणाले, चूक बिभीषणची, त्यानेच दगड काढायला लावले. दोघांच्या भुवया पुन्हा चढल्या. लोकांनी वाट दिली आणि सगळे छतावरून नुकत्याच उतरलेल्या अर्जुनरावांकडे बघायला लागले. धोतर चिंब, फेटा सुटलेला; पण त्यांनी हात वर केला तसा सगळा काठ गप्प झाला.

"चूक," ते म्हणाले, "जावयाची."

हा निकाल सर्वांना मान्य झाला. सरांनाही, त्यांना विचारलं नव्हतं तरी.

"आन् खोली हितंच ऱ्हाईल. दुरुस्त हुईपर्यंत दोघांनी मिळून राखायची. येकट्यानं हात लावायचा न्हाई." आप्पा आणि बिभीषणने एकमेकांकडे नाराजीने पाहिलं आणि माना डोलावल्या. मोरीत चार मासे निघाले. ते संस्थेचे, यावर मात्र वाद झाला नाही.

निघताना रतनबाईने सायलीच्या ओटीत मूठभर शेंगा घातल्या आणि अर्जुनरावांना वाकून नमस्कार केला. "आबा, परत कवा येनार?" अर्जुनरावांनी तळ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि जीपमध्ये जाऊन बसले. चार दिवसांत पहिल्यांदाच ते उद्या म्हणाले नाहीत, आणि ते न म्हणणं सरांना फार लागलं.

अर्जुनरावांच्या अंगावर आता सरांचे कोरडे कपडे होते, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा महोत्सवात मिळालेला निळा ट्रॅकसूट, ज्याच्या छातीवर 'स्वयंसेवक' असं लिहिलेलं होतं. फेटा मात्र त्यांनी पिळून पुन्हा बांधला होता. जीप खडखडत निघाली. खड्डे होते तिथंच होते. एकदा डोकं टपाला आपटलं तेव्हा अर्जुनराव एवढंच म्हणाले, "हां. आता खरा रस्ता लागला."

डांबरी रस्ता आला. डावीकडे मांजरसुंबा, बीड आणि पुढे उमापूर. उजवीकडे केज आणि अंबाजोगाई. आधी मामांना गावी सोडायचं, मग रात्रीपर्यंत घरी, असा हिशेब सरांनी मनात केला होता. त्यांनी डावीकडचा दिवा लावला.

"मास्तर," अर्जुनराव समोर बघत म्हणाले, "असल्या कापडांत गावात उतरलो तर लोक काय म्हनतील?"

"हो, तेही आहेच."

"केजला धोतरं मिळतेत का?"

धोतरं बीडला मिळतात. बीडच्या बाजारात धोतरांची अख्खी ओळ आहे, आणि बीड उमापूरच्याच वाटेवर आहे. हे सांगण्यासाठी सरांनी तोंड उघडलं. मागच्या सीटवर सायली एकदाच खोकली.

सरांनी तोंड मिटलं, दिवा बदलला आणि जीप उजवीकडे वळवली.

केज आलं. दिवेलागण झाली होती, बाजार फुललेला होता. ऐन रस्त्यावर कापडाचं मोठं दुकान होतं, दारात पांढऱ्या धोतरांच्या घड्या छातीइतक्या उंच रचलेल्या. सरांनी वेग कमी केला.

अर्जुनरावांनी मान वळवून दुकानाकडे नीट पाहिलं.

"बंद दिसतंय," ते म्हणाले.

दुकानातल्या सगळ्या ट्यूबलाइट लख्ख जळत होत्या आणि मालक गादीवर बसून गिऱ्हाइकाला धोतर उलगडून दाखवत होता.

"हो, मामा," सर म्हणाले, "बंदच आहे," आणि त्यांनी जीप अंबाजोगाईच्या रस्त्याला लावली.